विषाद आणि विसर

आमच्या वाईच्या घरी आईच्या हिशेबाच्या वह्या आहेत. लांबट, लाल कापडी बांधणीच्या, वाण्याच्या दुकानात असतात तशा. त्यांत रोजचे दूध, भाजी, दळण, टपाल, देवापुढे ठेवलेले चार आणे, सगळे आहे; आणि दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात तर दोन-दोन पाने भरलेली आहेत. साखर किती आणली, तूप किती कढवले, अनारशांसाठी तांदूळ किती भिजत घातले आणि त्यांतले किती अनारसे तुपात हसले, हेसुद्धा. बिघडलेल्या अनारशांची नोंद हिशेबात कशासाठी, असे मी एकदा विचारले होते. "तांदूळ गेलेच ना त्यात," असे उत्तर मिळाले.

रात्री जेवणे आटोपली की वडील अडकित्ता घेऊन सुपारी कातरीत बसत आणि विचारीत, "आज किती झाले?" आई वही उघडून आकडा वाची. वडील "बरं" म्हणत. बस्स, इतकेच. पन्नासाहून अधिक वर्षे हा संवाद असाच चालला. लहानपणी मला त्याचा राग येई. नवऱ्याने बायकोकडून रोजच्या रोज हिशेब घ्यावा यात मला तिचा अपमान दिसे. पुढे मी बँकेत नोकरीला लागले तेव्हा तर ही शाखेची रोजची तपासणीच आहे असे मी वडिलांना तोंडावर म्हटले. ते हसले आणि त्या रात्रीही त्यांनी विचारले, "आज किती झाले?"

वडील २०१४ च्या जानेवारीत गेले. आई तेव्हा ७८ वर्षांची होती. दिवस-वार झाले, माणसे आपापल्या घरी गेली. मीही पुण्याला परतले. मे महिन्यात वाईला गेले तेव्हा वहिनी म्हणाली, "सासूबाई आताशा फार विसरतात." आमटी करपत होती. एकच गोष्ट तीन वेळा विचारली जात होती. दूधवाल्याला दोनदा पैसे दिले गेले होते. मी वही काढून पाहिली. फेब्रुवारीपर्यंतच्या नोंदी होत्या; त्यापुढे काही दिवस नुसते "दूध" एवढाच शब्द, पुढे आकडा नाही; आणि मग कोरी पाने.

त्या साली दिवाळीला अनारसे झाले नाहीत. नोव्हेंबरात कुटुंबनिवृत्तिवेतनासाठी हयातीचा दाखला द्यायचा होता. आईची सही जुळेना. तीनदा केली, तिन्ही वेगवेगळ्या. चौथ्या वेळी तिने पेन खाली ठेवले आणि म्हणाली, "मी जिवंत आहे हे मी कशाला लिहून देऊ?" भावाने माझ्याकडे पाहिले, मी भावाकडे. आईची बुद्धी गेली, असे आम्ही दोघांनी त्या क्षणी, एकही शब्द न बोलता, ठरवून टाकले.

त्याच संध्याकाळी मी तिच्या कमरेच्या किल्ल्या मागितल्या. कपाटाची, कोठीची, देवघराच्या पेटीची. लग्नानंतर दोन-चार वर्षांत सासूने दिलेला जुडगा. तिने तो काढून माझ्या हातावर ठेवला. विचारले नाही, रागावली नाही. किल्ल्या सोडणारी बाई ती नव्हे, हे मला ठाऊक होते. आणि म्हणूनच तिचे ते गप्प राहणे मी पुरावा म्हणून धरले. आज अकरा वर्षांनी मला वाटते की पुरावा बरोबर होता, मी तो भलत्याच खटल्यात लावला.

आपल्याकडे साठी बुद्धी नाठी अशी म्हण आहे. म्हणी शहाण्या असतात असे आपण मानतो, पण ही म्हण मला आळशी वाटते. ती वयाकडे बोट दाखवते आणि चौकशी बंद करते. मलाही बँकेने साठाव्या वर्षी निवृत्त केले, तेव्हा तक्रार करण्यासाठी मी कोणत्या तोंडाने बोलणार? गावातल्या एका डॉक्टरांनीही म्हणीचेच इंग्रजी केले, "एज आहे," म्हणाले, आणि एका गोळीचे नाव लिहून दिले. त्यांनी आईला एकही प्रश्न विचारला नाही. आम्हीच उत्तरे देत होतो, ती शेजारी बसून भिंतीवरचे कॅलेंडर पाहत होती.

पुढच्या फेब्रुवारीत पुण्यातल्या एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे तिला नेले. त्यांनी पहिल्यांदा आम्हां दोघा भावंडांना बाहेर काढले. पाऊण तासाने आत बोलावले आणि आईच्या देखत मला विचारले, "वडील रोज रात्री काय विचारायचे?" मी सांगितले. बाई म्हणाल्या, "तुमच्या आई म्हणतात, आता विचारणारं कोणी नाही, तर लिहून काय करायचं?"

मी बँकेत जन्म काढला. हिशेब बरोबर यावा म्हणून लिहायचा असतो अशी माझी पक्की समजूत. तो विचारणाऱ्यासाठी लिहायचा असतो हे मला वयाच्या ५७ व्या वर्षी, एका परक्या बाईच्या दवाखान्यात, आईच्या उत्तरावरून कळले.

त्या बाईंनी मग जे समजावून सांगितले, त्याच्या मागे लागून मी पुढे बरेच वाचले. १९६१ साली, म्हणजे आपल्याकडे पानशेतचे धरण फुटले त्या साली, लेस्ली किलोह नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने एक निबंध लिहिला. स्मृतिभ्रंश झाल्यासारखी दिसणारी, पण मुळात दुसऱ्याच आजाराने, बहुधा खोल विषादाने, तशी झालेली माणसे त्याने त्यात वर्णिली आणि या अवस्थेला ‘स्यूडो-डिमेन्शिया’ म्हटले. आभासी स्मृतिभ्रंश म्हणू या. नाव फारसे चांगले नाही. त्यातून वाटते की माणूस सोंग करतो आहे. विसर आभासी नसतोच. आमटी खरीच करपते. खोटे असते ते आपण काढलेले अनुमान.

दोन्ही विसरांत फरक कसा करायचा, याच्या काही खुणा डॉक्टर सांगतात. ज्याला खरा स्मृतिभ्रंश जडतो आहे तो पुष्कळदा आपली चूक झाकतो, काहीतरी जवळपासचे उत्तर ठोकून देतो, तक्रार घरचे करतात. विषादाने ग्रासलेला माणूस स्वतःच म्हणतो, "माझं डोकं चालत नाही," आणि प्रश्नाला चुकीचे उत्तर देण्याऐवजी "माहीत नाही" म्हणून मोकळा होतो. एकाचा आरंभ कधी झाला ते घरच्यांना सांगता येत नाही. दुसऱ्याचा बहुधा महिना-दिवसासकट सांगता येतो. शंभरातून सात वजा करा, त्यातून पुन्हा सात, अशी एक परीक्षा आहे. फोल्स्टाइन पतिपत्नी आणि मॅकह्यू यांनी १९७५ साली अमेरिकेत केलेल्या ३० गुणांच्या चाचणीत ती येते. आमच्या आईने ९३ सांगितले आणि पुढे म्हणाली, "नको बाई." तिचे गणित चुकले नव्हते, तिने ते सोडून दिले होते. अर्थात या खुणा म्हणजे पंचांग नव्हे. दोन्ही आजार एकाच माणसात, एकाच वेळी असू शकतात, आणि ते कोडे पुढे आमच्याही वाट्याला आले.

दुःखाने विसर का पडावा? यातले निम्मे उत्तर कुठल्याही गृहिणीला सांगता येईल. कोठीत जे ठेवलेच नाही ते कोठीतून निघणार कसे? ज्याचे मन कशावरच ठरत नाही त्याच्या आठवणीत काही शिरतच नाही; दूधवाला आला, पैसे दिले, पण ते देणारे मन तिथे नव्हते. उरलेले निम्मे उत्तर शरीरशास्त्रज्ञांचे. मेंदूत हिपोकॅम्पस नावाचा भाग आहे. त्याचा आकार समुद्रघोड्यासारखा, म्हणून ते ग्रीक नाव. नवी आठवण पक्की होते ती त्याच्या मदतीने. दीर्घकाळच्या ताणात कॉर्टिसॉल हे द्रव्य रक्तात वाढलेले राहते, आणि या भागाला ते मानवत नाही. शिवाय मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या खराब झाल्या तर मनाची उमेद आणि बुद्धीचा वेग दोन्ही एकदमच मंदावतात. झोप जाते, जेवण कमी होते, घराबाहेर पाऊल पडत नाही, आणि बोलायला कोणी नाही म्हणून बोलणे आटते.

आईच्या बाबतीत आणखी दोन साध्या गोष्टी निघाल्या. तिच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्व फार कमी होते; शाकाहारी वृद्धांत हे वारंवार आढळते आणि त्यानेही उदासी व विसर येतो. आणि तिला एका कानाने जवळजवळ ऐकू येत नव्हते. एकच गोष्ट ती तीन वेळा विचारी, त्यातल्या दोन वेळा तरी तिला उत्तर ऐकूच आलेले नसे. हे आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात आले नव्हते. आम्ही तिच्या बुद्धीचे पोस्टमॉर्टेम करीत होतो आणि कानाकडे पाहत नव्हतो.

इंजेक्शने झाली, कानाला यंत्र आले, विषादावरची गोळी सुरू झाली. पाच-सहा आठवडे काहीच दिसले नाही. मग झोप आली. मग एकदा ती घाटावर जाऊन आली. भावाने रात्री जेवणानंतर विचारायला सुरुवात केली, "आई, आज किती झाले?" पहिले काही दिवस तिने उत्तर दिले नाही. त्याला वाटले, वडिलांचे शब्द आपण उसने घेतले म्हणून तिला राग आला असेल, आणि कदाचित आलाही असेल. पण जूनमध्ये वहीत आकडे दिसू लागले. त्या दिवाळीला, म्हणजे २०१५ साली, फराळाची बेरीज मी केली आणि तिने ती तपासली. "अगं, हे वेलदोड्यांचे १८ रुपये दोनदा धरलेस." चौतीस वर्षे बँकेत काढलेल्या मला आयुष्यात कुठल्या चुकीचा इतका आनंद झालेला नाही.

मी किल्ल्या परत दिल्या. तिने घेतल्या, पण कमरेला लावल्या नाहीत. उशीखाली ठेवल्या. पुढेही त्या तिथेच राहिल्या.

आई जेवणाआधी गीतेचा पंधरावा अध्याय म्हणे, त्यामुळे गीता आमच्या कानावर होती, डोक्यात नव्हती. या सगळ्या प्रकरणानंतर मी ती पहिल्यांदा लक्ष देऊन वाचली. ज्या शब्दाने आज आपण या आजाराला ओळखतो तो स्मृतिभ्रंश शब्द दुसऱ्या अध्यायात आहे, आणि तो एका साखळीत आहे: ध्यासातून आसक्ती, आसक्तीतून काम, त्यातून क्रोध, क्रोधातून संमोह, मग स्मृतीचा भ्रंश, आणि त्यानंतर बुद्धीचा नाश. तिथे तो शब्द रोगाचा नाही हे मला समजते. पण मनाचे बिघडणे आधी आणि बुद्धीचे नंतर, हा क्रम लक्षात राहिला. त्याहून मजेची गोष्ट अशी की ग्रंथाचा पहिला अध्याय विषादाचा आहे. अर्जुनाच्या तोंडाला कोरड पडते, हातातले धनुष्य गळते, मन भ्रमल्यासारखे होते; आणि अठराव्याच्या शेवटी तोच अर्जुन आपली स्मृती परत मिळाल्याचे सांगतो. मधल्या काळात काय झाले? आरंभी थोडी कानउघाडणी झाली खरी, पण नंतर सतरा अध्याय कोणीतरी त्याच्याशी बोलले. त्याचे धनुष्य काढून घेऊन कोणी दुसऱ्याच्या हातात दिले नाही.

इथे हा लेख संपवता आला असता तर दिवाळी अंकाला शोभले असते. पण २०१८ च्या गणपतीत आई आरतीचे ताट हातात घेऊन उभी राहिली आणि हे कशासाठी आहे ते तिला कळेना. ती दुःखी नव्हती. चांगली हसतमुख होती. विचारल्यावर तिने काहीतरी जवळपासचे उत्तर दिले, आणि ते ऐकूनच मी ओळखले. या वेळी तिने प्रश्न सोडला नव्हता. ती उत्तर द्यायला गेली आणि उत्तर तिथे नव्हते. त्याच डॉक्टरबाईंनी तपासण्या करून सांगितले की हा आता खरा स्मृतिभ्रंश आहे.

मग मला त्या आधीच्या वर्षाने छळायला सुरुवात केली. २०१४ सालचे ते दुःख वडिलांसाठी होते, की येऊ घातलेल्या आजाराची ती पहिली सावली होती? हा प्रश्न माझ्या एकटीचा नाही. लंडनच्या सरकारी नोकरांची पाहणी १९८५ साली सुरू झाली, त्यांत दहा हजारांवर माणसे होती. २०१७ साली तिचे २८ वर्षांचे फळ प्रसिद्ध झाले, ते असे, की मध्यमवयात आलेल्या विषादाचा पुढच्या स्मृतिभ्रंशाशी संबंध दिसला नाही. पण ज्यांना स्मृतिभ्रंश झाला त्यांच्यात निदानाच्या सुमारे अकरा वर्षे आधीपासून विषादाची लक्षणे इतरांपेक्षा वाढत गेलेली दिसली. म्हणजे विषाद हे कारण नव्हे, दूत. याउलट डेन्मार्कमध्ये सुमारे चौदा लाख नागरिकांच्या नोंदी तपासून २०२३ साली असे मांडले गेले की नैराश्याचे निदान तरुणपणी होवो, मध्यमवयात की उतारवयात, पुढे स्मृतिभ्रंशाचा संभव दुपटीहून अधिक असतो. म्हणजे विषाद कदाचित कारणही. दोन्ही पाहण्या मोठ्या, दोन्ही काळजीने केलेल्या. मला वाटते, दोन्ही खऱ्या असतील. माणसांचे दुःख काही एकाच जातीचे नसते.

परंतु मला बोचत होते ते निराळेच. समजा ती सावलीच होती. समजा २०१४ साली आईच्या मेंदूत काही झिजत होते आणि म्हणून ती उदास झाली. मग ती वडिलांसाठी रडलीच नाही काय? तिचे वैधव्य हे एक लक्षण म्हणून टिपून ठेवायचे काय? पुष्कळ दिवस मी या विचारात अडकले होते, आणि मग एक दिवस मला त्यातली चूक दिसली. माझा स्वतःचा आनंदही मेंदूतल्या कुठल्या तरी रसायनानेच होत असणार. म्हणून त्या १८ रुपयांचा आनंद आईच्या शहाणपणाचा नव्हता असे मी म्हणेन काय? दुःख कशामुळे झाले हा एक प्रश्न आणि दुःख कोणासाठी झाले हा दुसरा. पहिल्याचे उत्तर डॉक्टर देतील. दुसऱ्याचे तिने स्वतःच दिले होते: विचारणारे कोणी नाही. ते उत्तर खोडायचा अधिकार कोणत्याही तपासणीला नाही, आणि मला तर नाहीच.

आजकाल आम्हां वयस्कांना आनंदी राहण्याचा उपदेश फार होतो. रोज सकाळी मोबाईलवर गुलाबाच्या फुलासकट येतो. त्याच्या पुष्ट्यर्थ अमेरिकेतल्या जोगिणींची गोष्ट सांगतात. डेव्हिड स्नोडन या संशोधकाने एका ख्रिस्ती संघातल्या ६७८ वृद्ध भगिनींचा अभ्यास केला. त्यांतल्या १८० जणींनी ऐन तारुण्यात लिहिलेली छोटी आत्मवृत्ते मठात जपलेली होती. ज्यांच्या लिहिण्यात आनंदाचे, कृतज्ञतेचे शब्द अधिक होते त्या अधिक जगल्या. हे खरे आहे. पण उपदेशक एक गोष्ट गाळतात. त्या भगिनींच्या बुद्धीच्या बाबतीत जी गोष्ट पुढे उपयोगी दिसली ती आनंद नव्हती. वाक्यात किती कल्पना दाटीने बसवल्या आहेत, ती दाटी होती. आनंदी माणूस अधिक जगला, म्हणजे त्याची स्मृती टिकलीच, असे काही तिथे म्हटलेले नाही.

माझे भांडण आनंदाशी नाही, त्याच्या सक्तीशी आहे. २०२४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञमंडळाने स्मृतिभ्रंशाची टाळता येण्यासारखी १४ कारणे दिली. त्यांत नैराश्य आहे, बहिरेपण आहे, एकटेपणही आहे. ही सारी दूर झाली तर जगातले सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळतील किंवा लांबतील, असा त्यांचा हिशेब. सरकारांनी आणि कुटुंबांनी तो मनावर घ्यावा. आपल्या देशात साठीपुढच्या माणसांत सुमारे ८८ लाखांना हा आजार असावा असा २०२३ चा अंदाज आहे. पण टक्केवारी समाजाची असते, आईची नसते. ‘तुम्ही उदास राहिलात म्हणून विसरलात’ असे एखाद्या वृद्धाला म्हणणे म्हणजे त्याच्या दुःखावर दंड बसवणे आहे. आणि ‘तुम्ही आईला एकटे टाकलेत म्हणून तिला हे झाले’ असे तिच्या मुलांना म्हणणेही तितकेच वाईट. भाऊ तिच्याजवळ होता, वहिनीने तिचे सगळे केले, रोज रात्री प्रश्न विचारला जात होता, आणि तरीही आजार आला.

मग विचारण्याचा उपयोग काय झाला? तीन दिवाळ्या झाल्या. मला त्या पुरेशा वाटत नाहीत. तिला कशा वाटल्या ते मी विचारायला हवे होते, राहून गेले.

२०२० साली टाळेबंदीत मी वाईलाच अडकले. तोवर तिला माझे नाव आठवत नसे, पण पंधराव्या अध्यायाचा पहिला शब्द आपण म्हटला की पुढचा सगळा ती न अडखळता म्हणे. वहीत तिचे अक्षर उरले नव्हते. हिशेब आता मी लिहीत होते. एके रात्री जेवणे झाल्यावर, मी भांडी आवरीत असताना, वडील बसत त्या जागेवरून ती म्हणाली, "आज किती झाले?"

मी तशीच ओल्या हातांनी थबकले. मग "दोनशे चाळीस" म्हटले. ती "बरं" म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारले, आणि तिसऱ्या. ती २०२२ मध्ये गेली, तोवर बहुतेक रोज विचारी. मी कोणताही आकडा सांगितला असता तरी चालले असते, आणि पहिल्या रात्री मी ठोकूनच दिला होता. पण दुसऱ्या दिवसापासून मी हात पुसून, वही उघडून, बेरीज करून सांगत असे.